पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जीवरक्षक हवाच

नाशिकमधील शालेय जलतरण संघांच्या पालकांमध्ये एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवरून फिरत आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना जीवरक्षक लागत नाही, प्रशिक्षक काठावर असला की पुरे. दम वाढवण्यासाठी आधी जोरजोरात श्वास घेऊन मग जास्तीत जास्त वेळ पाण्याखाली राहावे. आणि कोणी बुडू लागलेच तर ते ओरडेल, बाहेर काढून पोट दाबले की पाणी निघेल, असे त्यात म्हटले आहे. हे चारही दावे चुकीचे आहेत.

सर्वांत घातक आहे तो दम वाढवण्याचा सल्ला. भरभर खोल श्वास घेतल्याने शरीरातील प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि श्वास घेण्याची असह्य ओढ मुख्यतः तो वाढल्यामुळेच लागते. ही ओढ लागण्याआधीच मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो आणि मूल काही कळायच्या आत पाण्याखाली बेशुद्ध होते, तर काठावरच्यांना ते अजून दम धरून आहे असे वाटत राहते. जिद्दी, तरबेज मुले या प्रकाराला अधिक बळी पडतात, कारण आणखी थोडे ताणण्याची सवय त्यांनाच असते. शिवाय फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंत डोके पाण्याबाहेर यावेच लागते. मग हा अघोरी सराव कशासाठी?

त्र्यंबक रोडवरील स्वातंत्र्यवीर सावरकर तलाव असो वा शाळेचा स्वतःचा, सरावाच्या वेळी प्रशिक्षकाचे लक्ष स्टॉपवॉचकडे आणि एखाद्याच्या हातांच्या फेकीकडे असते. पलीकडच्या लेनमध्ये तळाशी गेलेले मूल त्याला दिसेलच असे नाही, आणि यात त्याचा दोषही नाही. म्हणून केवळ पाण्यावर नजर ठेवणारी, जीवरक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती हवी.

बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड वर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वासच कसाबसा घेता येतो.

पोट दाबल्याने वेळ जातो आणि उलटी होऊन पोटातले अन्न फुप्फुसात शिरू शकते. मूल बेशुद्ध असून श्वास थांबला असेल, तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर ३० वेळा दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. हे प्रशिक्षकांकडून आणि संघातील मोठ्या मुलांकडून हंगाम सुरू होण्यापूर्वीच प्रशिक्षणासाठीच्या मानवी पुतळ्यावर करून घेतले पाहिजे.