एस्टीमचे दरवाजे पोकळ करून दिले नाहीत, त्याबद्दल

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की आमच्या फोंड्याच्या गॅरेजने रोल केज (गाडी उलटली तर छप्पर दबू नये म्हणून आत बसवतात तो पाइपांचा सांगाडा) लावून तुमची शर्यतीची मारुती एस्टीम जड करून ठेवली, दरवाजे पोकळ करायला, म्हणजे वजन कमी करायला दारातलं लोखंड काढायला, नकार दिला, आणि शर्यतीत तुमच्याच क्लासमधल्या दुसऱ्या गाडीला पोकळ दरवाजे स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, चालले, म्हणजे पैसेवाल्यांना नियम वेगळा. इथेच उत्तर देतो, कारण हाच प्रश्न घेऊन अजून तिघंचौघं येऊन गेलेत.

आधी माझी चूक. आठ दिवस सांगितले, बारा लागले. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा गंजून पापड झालेला, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. गाडी एवढी वर्षं समुद्राकाठी उभी, खारी हवा आणि आपला पाऊस, दुसरं काय होणार. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात केजच्या पायाखालची प्लेट निदान 3 मिमी जाडीची आणि 120 चौरस सेंटीमीटरची लागते, पण खालचा पत्राच सडका असेल तर गाडी उलटल्यावर केजचे पाय फ्लोअर फोडून खाली जाणार आणि छप्पर डोक्यावर येणार. म्हणून पत्रा कापून नवा टाकला. हे त्याच संध्याकाळी फोन करून सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, माफ करा. पत्र्याचे जास्तीचे पैसे परत देतो.

आता दरवाजा. तुम्ही म्हणता अमेरिकेत करू देतात. देतात, पण तिथल्या एससीसीए या शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या इम्प्रूव्ह्ड टूरिंग गटात कंपनीचा दारातला बीम (बाजूची धडक अडवणारी पट्टी) तेव्हाच काढता येतो जेव्हा केजचे डोअर बार, म्हणजे दाराजवळचे आडवे पाइप, बाहेर वाकवून दाराच्या पोकळीत घुसवलेले असतात. म्हणजे एक लोखंड काढायचं तर त्या जागी दुसरं द्यायचं. पुढून धडक बसली तर मध्ये बॉनेट आहे, इंजिन आहे, बाजूने बसली तर दार आणि तुमच्या बरगड्यांमध्ये जेमतेम एक वीत. तुम्हाला बीम काढून हवा होता आणि बार सरळच ठेवायचे होते, कारण वाकवले की खर्च वाढतो. ते मी कुणालाच करून देणार नाही, माझ्या भावाला पण नाही.

ती दुसरी गाडी मी स्वतः वाकून बघितली, तिचे बार दाराच्या आत गेलेत. दार हलकं झालं, केज जड झाला. त्यात फसवणूक काही नाही.

वजनाचं बोलायचं तर मेन हूपचा, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या कमानीचा, 45 मिमी व्यासाचा, 2.5 मिमी जाडीचा सीमलेस (बिनजोडाचा) पाइप मीटरला 2.6 किलो भरतो, डोअर बारचा 40 बाय 2 चा 1.9 च्या आसपास, दोन्ही दारांचे फुलीसारखे लावलेले डोअर बार मिळून दहाएक किलो. पातळ पाइप टाकून त्यातले दोनतीन किलो वाचले असते, पण मग तो केज कशाला म्हणायचा.

पण एका मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते मला मनापासून लागलं. आपल्या या स्पर्धेच्या नियमाच्या कागदावर केज सक्तीचा आहे, पण ड्रायव्हरसकट किमान वजन कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे जो नीट, भरपूर पाइपचा केज लावतो तोच सरळ रस्त्यावर मागे पडतो आणि जो जेमतेम पास होण्यापुरता लावतो तो पुढे जातो. हा खरा अन्याय. किमान वजन ठरवा, शर्यत संपल्यावर गाडी काट्यावर घ्या, कमी भरली तर बाद, मग केज जड म्हणून कुणी रडणार नाही. आयोजकांना तसं पत्र लिहिलंय, तुमची सही हवी आहे.

दरवाजे अजूनही हलके हवे असतील तर सरळ बार कापून बाहेर वाकवलेले बसवतो, फक्त पाइपचे पैसे द्या, मजुरी नको. शनिवारी या, रेसची सीट आणि हेल्मेट घेऊन या, तुम्हाला आत बसवून कोपर आणि डोकं कुठे लागतं ते बघूनच पाइप वाकवणार.