थेरडी म्हणजे कोण?

काल संध्याकाळी ठाण्याला नऊ नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी लोकल पकडली, लेडीजमध्ये नेहमीची चेंगराचेंगरी, मी चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली. समोर खिडकीशी एक साठीच्या बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. एक कॉलेजची पोरगी त्यांना म्हणाली, पाय घे गं आत. बाई शांतपणे म्हणाल्या, आधी नीट बोल मग घेते. झालं, पोरीने फोन काढला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं मैत्रिणीला सांगितलं, "अगं एक थेरडी भेटलीय." बाईंचा मेथीचा हात काही थांबला नाही.

आता गंमत बघा. हा शब्द आलाय 'थेर'वरून, म्हणजे संस्कृतातला स्थविर. पाली भाषेत थेर म्हणजे ज्येष्ठ बौद्ध भिक्खू, दीक्षा घेऊन दहा वर्षं झाली की हा मान मिळायचा. ज्येष्ठ भिक्खुणी ती थेरी. त्यांच्या कवितांचा अख्खा संग्रह आहे, थेरीगाथा. त्यात अंबपाली, आधी वैशालीची गणिका आणि मग भिक्खुणी झालेली, स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बोलते, भुंग्यासारखे काळे केस आता तागासारखे झालेत, आणि हे सांगताना लाज नाही की रडगाणं नाही. आपण त्या थेरला मागे डा-डीचं शेपूट लावलं आणि शिवी करून टाकली.

थेरडा पण म्हणतात, मान्य. पण बाईला कधी म्हणतात ते ऐका. गप्प बसून नातवंडं सांभाळली की ती आजी, मावशी, फार तर काकू. सीट सोडली नाही, रांगेत कोण घुसलं ते विचारलं, रिक्षावाल्याकडे सुट्टे मागितले की लगेच थेरडी. म्हणजे वयाचा संबंध कमी, तोंड उघडण्याचा जास्त. (डाय केलेल्या केसांनी काही वाचत नाही, करून बघितलंय.)

आणि मी काही धुतल्या तांदळाची नाही हां. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एक आजी दर मीटिंगला टाकी सफाईचा हिशोब मागायच्या, मीटिंग तासभर लांबायची, घरी कुकर लावायचा असायचा, तेव्हा मीच शेजारणीच्या कानात हा शब्द म्हटलाय आणि दोघी खुसुखुसु हसलोय.

परवाच्या मीटिंगला मी उभी राहून लिफ्टच्या रिपेअरिंगचं बिल मागितलं. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी हसलं. शब्द ऐकू नाही आला, पण मला माहितीय तो कोणता ते.

बिल अजून दाखवलेलं नाहीये.