पंच म्हणून सही केली होती

२०१७ साली कामावरून परतताना हार्बरवरच्या एका स्टेशनबाहेर हवालदारांनी थांबवलं. "दादा, दोन मिनिटं पंच म्हणून येता का?" पंच म्हणजे जप्तीचा साक्षीदार. ठाण्यात विशीतला एक पोरगा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. हिसकावलेला मोबाइल त्याच्या खिशातून निघाला. खाकी पाकीट, वितळलेल्या लाखेचा वास, लेबलवर माझी सही. दोन मिनिटांचे दोन तास झाले.

समन्स आलं २०२४ मध्ये! पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर. तिसऱ्या वेळी मुद्देमालच ठाण्यातून आला नव्हता. माझी रजा गेली ती गेली, पण जामिनावर असलेला तो पोरगाही दरवेळी खाडा करून दिवसभर बाकावर बसून असायचा.

चौथ्या तारखेला साक्ष झाली, वीस मिनिटांत. सही ओळखली. उलटतपासात प्रश्न आला, "सील आधी केलं की तुमची सही आधी झाली?" मला फक्त लाखेचा वास आठवत होता. शपथेवर काय सांगणार? "आठवत नाही" म्हणालो. २०१७ मध्येच विचारलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं. मग ते पोलिसांच्या बाजूने जावो की त्या पोराच्या.

सील ही क्षुल्लक गोष्ट नाही. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींची शिक्षा रद्द केली, तेव्हा जप्त केलेला माल नीट सीलबंद ठेवला नव्हता, हेही एक कारण होतं. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्थगिती दिली. पण एकोणीस वर्षं गेली, ती मेलेल्यांच्या घरच्यांची आणि तुरुंगात असलेल्यांचीही.

साक्षीदार हजर असेल तर खास कारण नोंदवल्याशिवाय सुनावणी तहकूब करू नये, हे जुन्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही आता सक्तीचं झालंय, त्याचं मला मनापासून समाधान आहे. पण मुद्देमाल निघाला का, साहेब बसणार आहेत का, हे आदल्या संध्याकाळी कळू शकतं. साक्षीदाराला एक फोन करा ना!

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. सगळेच शहाणे घरी बसले, तर खरं सांगायला उभं कोण राहणार?

त्या खटल्यात निकाल काय लागला, मला कुणी कळवलं नाही. गेल्या महिन्यात त्याच स्टेशनबाहेर पुन्हा पंच म्हणून विचारलं. गेलो. घरी येताना लोकलमध्येच फोनवर टिपून ठेवलं: नऊ वाजून दहा मिनिटं, आधी सील, मग माझी सही.