हाताचं लॅमिनेशन

मालवणच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. गेली बारा वर्षं मी लोकांची आधार कार्डं आणि शाळा सोडल्याचे दाखले प्लास्टिकात घालतोय, पण एकाही कार्डात बुडबुडा राहू दिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात धंद्यातली सगळी अब्रू गेली.

चाळिशी उलटल्यावर, भर मे महिन्यात, मी पणजीला जाऊन डाव्या हातावर सुरमई गोंदवून आलो. का, ते विचारू नका. बायकोने विचारून झालंय.

गोंदवणाऱ्या पोराने काम संपल्यावर वर एक पारदर्शक चिकट फिल्म लावली. मूळची ही दवाखान्यातली चीज. सलाईनची सुई टोचतात तिथे लावतात ती. आतली वाफ बाहेर जाते, बाहेरचं पाणी आणि जंतू आत येत नाहीत. "दादा, २४ तासांनी ही काढा, हात धुवा, दुसरी लावा. ती पाच दिवस ठेवायची. मधे बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! घरात आजी, आई, बायको आणि मुंबईहून आंबे खायला आलेले सात पाहुणे असताना!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर सुरमईच्या पोटाखाली काळं पाणी साचलेलं. रक्ताचं पाणी आणि जास्तीची शाई. असं होणार हे पोराने सांगितलंही होतं. पण कानाने ऐकणं वेगळं आणि माकुल साफ करताना निघते तशी शाईची पिशवी स्वतःच्या हाताला लोंबताना बघणं वेगळं. हात हलवला की डुचमळायची.

आजीने चष्मा पुसून पाहिलं. "ह्यां काय रे? भाजलंस?"

"नाही गं, गोंदवलंय."

"मगे शाई सगळी भायर इली. आत काय रवतलां?"

प्रश्न बिनतोड होता. शाई वरच्या कातडीत नसतेच, खालच्या थरात मुरते, वरची कातडी झडली तरी ती राहते, हे मी समजावलं. आजीने उत्तरादाखल स्वतःचा हात पुढे केला. मनगटाच्या वर हिरवट पडलेलं तुळशीवृंदावन, सत्तर वर्षांपूर्वीचं. "गोंदणारनीन सुईन टोचल्यान, हळद लायली, दुसऱ्या दिवसाक लावणेक गेलंव." चिखलात, गुडघाभर पाण्यात. आणि तिचा नातू एसी लावून, हात उशीवर ठेवून निजला होता.

पाहुण्यांसाठी मासे आणायला मलाच जावं लागलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पण मे महिन्यातल्या मासळी बाजारात पूर्ण बाह्या म्हणजे चोरी करायला आल्यासारखंच. नेहमीच्या काकींनी विचारलंच. बाही वर केली.

"बांगडो?"

"काकी, सुरमई आहे."

"इसवण लांब आसता. ह्येचा पोट बघ." पोटात पाणी साचल्यामुळे माझी सुरमई खरोखरच आखूड आणि गुबगुबीत दिसत होती. मी खुलासा करणार एवढ्यात काकींनी सवयीने अंगठा ठेवला आणि दाबला. मासा ताजा असला की दाबलेली जागा लगेच वर येते. माझ्या माशाची जागा वर आली नाही. कडेचा चिकटा सुटला आणि काळं पाणी मनगटावरून थेट त्यांच्या पापलेटांवर ओघळलं.

"शिळो," काकींनी निकाल दिला.

त्या पापलेटांचे पैसे मी दिले. घरी मात्र नेली नाहीत.

फिल्म एकदा कडेने गळली की ती बदलायलाच हवी, नाहीतर उघड्या वाटेने घाण आत शिरते. म्हणजे २४ तास व्हायच्या आधीच दुसरी लावायची वेळ आली. हात सौम्य साबणाने धुतला, कोरडा केला, चित्राच्या चारी बाजूंनी बोटभर जास्त येईल असा तुकडा कापला. लॅमिनेशनचंही तेच तत्त्व. कडेला पट्टी सोडली नाही तर पाणी शिरणारच. इथवर मी तज्ज्ञ होतो. मग मागचा कागद सोलला. फिल्म थरथरली, पंख्याच्या वाऱ्यावर तिने स्वतःलाच मिठी मारली आणि तिची गोळी झाली. दुसरा तुकडा अंगठ्याला चिकटला. तिसरा, पंखा बंद करून, घामाच्या धारा पुसत, दातात एक टोक धरून लावला. सुरमईच्या डोक्यावर एक आडवी सुरकुती राहिली आणि शेपटीपाशी वाटाण्याएवढा बुडबुडा. बारा वर्षांत पहिला.

दुकानात पहिलंच गिऱ्हाईक रेशनकार्ड घेऊन आलं. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"हात लॅमिनेट केलंस?"

"हो."

"बुडबुडो रवलो."

आईने तोवर पथ्य काढलं होतं. जखम ओली असताना मासे खाल्ले की खाज सुटते, म्हणून सुंगटं बंद, बांगडा बंद, तिसऱ्या बंद. गोंदवणाऱ्या पोराने यातलं काही सांगितलं नव्हतं, पण पोराला आमच्या घरात मत नाही. पाहुणे तळलेली सुरमई खात होते आणि ज्याच्या हातावर सुरमई होती तो पडवळाची भाजी चिवडत होता. खाज तरीही चौथ्या दिवशी सुटलीच. फिल्मखाली नख घालता येत नाही. वरून हलकेच थापट्या मारायच्या. दिवसभर मी स्वतःच्या हाताची समजूत घातल्यासारखा थापटत होतो. पाहुणे तारकर्लीला समुद्रात डुंबायला गेले तेव्हा मी चपला सांभाळत सुरूच्या सावलीत बसलो, कारण पुढचे दोन-तीन आठवडे खारं पाणी वर्ज्य आणि ऊनही वर्ज्य.

शनिवारी फिल्म काढायची होती. कोमट पाण्याखाली, कातडीला समांतर ताणत काढावी. सरळ उपटू नये. मी तसंच करत होतो, पण कडेला जिथे केस काढायला विसरलो होतो तिथे अडलं. तेवढ्यात अंगणात आईने फणस फोडायला घेतला. विळीला खोबरेल, हाताला खोबरेल.

"चिकासाठी चालतं तर याला का नाही चालणार?" म्हणत तिने माझ्या फिल्मच्या कडेवरून तेलाचं बोट फिरवलं. कड सुटली. केस जागेवर राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरच्या सल्ल्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (तेल चित्रावर येऊ नये म्हणून मात्र मी हात असा धरला होता की आई म्हणाली, "तेलच आहे रे, विंचू नव्हे.")

आठवड्याने वरची कातडी सुटायला लागली. पातळ, काळसर पापुद्रे. पुन्हा बाजारात गेलो, या वेळी बाही गुंडाळूनच. काकींनी चष्म्यावरून निरखून पाहिलं. अंगठा पुढे आला, मी हात मागे घेतला.

"खवळां सुटतत. साफ करून दिवू?"

"नको काकी."

"आता ताजो दिसता," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर वाटा सरकवला. "बांगडोच पण."

मी मुकाट्याने वाटा घेतला.