सातारकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : ती लस नेमकी कोणाची होती?

सातारकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परखड आहे, दोन ओळींत आभार मानून सुटता येणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2021 मध्ये भारतानं कोविडच्या लसीची निर्यात थांबवली त्याचा फटका गरीब देशांना बसला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तेव्हा तुमचे सासरे कराडच्या केंद्रावरून दोनदा हात हलवत परत आले आणि पुण्याची लस मात्र विमानानं आफ्रिकेला पोचली. आधी पोटोबा, मग विठोबा. शिवाय ज्यांना दिली त्यांनी ती जाळून टाकली.

सासऱ्यांच्या हेलपाट्यांबद्दल वाद नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात लसच संपली होती. पण त्याची पावती तुम्ही आफ्रिकेतल्या घानासारख्या देशांच्या नावावर फाडताय, ते पटत नाही.

तेव्हा देशाबाहेर गेलेले डोस होते साधारण 6.6 कोटी. बहुतेक मार्च संपायच्या आत गेले, म्हणजे आपल्याकडे डॉक्टर-नर्ससुद्धा लस घ्यायला का कू करत होते तेव्हा. एप्रिलच्या वेगानं ते आपल्याला तीनेक आठवडे पुरले असते. रांगेतल्या माणसाला तीन आठवडे कमी नाहीत, मान्य. पण 18 वर्षांवरच्या सगळ्यांना दोन डोस द्यायचे तर लागणार होते 188 कोटींच्या आसपास. तो खड्डा 6.6 कोटींनी बुजणारा नव्हता. खड्डा पडला ऑर्डरीत. अमेरिकेनं, पुण्यात कोविशिल्ड नावानं बनणाऱ्या याच अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीचे 30 कोटी डोस मे 2020 मध्येच राखून ठेवले (आणि तिथं ती लस कधी मंजूरच झाली नाही, हा आणखी वेगळा विनोद). युरोपीय संघानं ऑगस्टमध्ये करार केला. आपल्या केंद्र सरकारची कोविशिल्डची पहिली ऑर्डर आली जानेवारी 2021 मध्ये, 1.1 कोटी डोसांची. कारखाना पुण्यात आहे म्हणजे माल आपलाच, असं धरून चाललो होतो बहुधा.

आणि तो माल आपलाच होता का? लस ऑक्सफर्डची, परवाना अ‍ॅस्ट्राझेनेकाचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला तो मिळाला तो भारतासह गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना पुरवठा करायचा म्हणून. 2020 मध्ये, लस चालेल की नाही हेही ठरलेलं नसताना, ‘गावी’ ही जागतिक लस संघटना आणि गेट्स फाउंडेशन यांच्याकडून 30 कोटी डॉलर सीरमसाठी उभे राहिले. बदल्यात कोव्हॅक्ससाठी, म्हणजे गरीब देशांपर्यंत लस पोचवायच्या जागतिक योजनेसाठी, 20 कोटी डोस, डोसला जास्तीत जास्त 3 डॉलर. पुण्याजवळ मांजरी गावातल्या सीरमच्या कारखान्याची क्षमता वाढली त्यात हा पैसाही आहे, आणि तिथून निघालेल्या कुप्या कराडलाही आल्याच की. 24 फेब्रुवारी 2021 ला घानात अक्राच्या विमानतळावर कोव्हॅक्सचे पहिले 6 लाख डोस उतरले, ते या सौद्यातले. तीन कोटींच्या देशाला 6 लाख! तिथल्या नर्स आणि म्हातारी माणसं, एवढ्यांपुरतेच.

विठोबाचा मुद्दा इथंच गळतो. नैवेद्य वगैरे काही नव्हता. 6.6 कोटींपैकी भेट म्हणून दिलेले डोस जेमतेम 1.07 कोटी. बाकीचे विकलेले किंवा कोव्हॅक्सच्या करारातले. दक्षिण आफ्रिकेनं तर आपल्याकडून डोसला 5.25 डॉलर मोजले, जेव्हा युरोपला हीच लस दोन-सव्वादोन डॉलरला पडत होती. आगाऊ पैसे घेतलेल्या गिऱ्हाइकाला माल देणं याला साताऱ्यातही कोणी दानधर्म म्हणत नसेल.

आता जाळण्याबद्दल. मे 2021 मध्ये आफ्रिकेतल्या मलावीनं 19,610 डोस जाळले, खरं आहे. ते डोस तिथं पोचले मार्चच्या शेवटी आणि मुदत संपत होती एप्रिलच्या मध्यात. तीन आठवडेसुद्धा हातात नाहीत. कुपीत दहा डोस, ती 2 ते 8 अंशात गावोगाव न्यायची, फोडली की काही तासांत दहा माणसं गोळा करायची. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना विचारा, लांबच्या वाडीवर दहावा माणूस मिळेपर्यंत काय होतं ते. मुदत संपत आलेला माल पाठवायचा आणि वर वापरला नाही म्हणून बोल लावायचा, हे काही बरं नाही.

निर्यातबंदीबद्दल मात्र माझं मत तुम्हाला वाटतं तेवढं टोकाचं नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये, माणसं ऑक्सिजनसाठी वणवण फिरत असताना, कुठल्याही सरकारनं तेच केलं असतं. माझा आक्षेप पुढच्या महिन्यांना आहे. उत्पादन वाढत गेलं, दुसरी लाट ओसरली, तरी कोव्हॅक्सकडे आपली लस पुन्हा निघाली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. परवाना घेऊन ही लस बनवणारे कारखाने दक्षिण कोरिया, ब्राझीलमध्येही होते, पण कोव्हॅक्सची मुख्य भिस्त पुण्यावरच होती, म्हणून एका दाराला कडी लागल्यानं एवढं अडलं. मग डिसेंबरमध्ये सीरमनं जाहीर केलं, की ऑर्डरी नाहीत म्हणून कोविशिल्डचं उत्पादन निम्म्यावर आणतोय. त्या महिन्यात आफ्रिकेत दहातल्या एकाचेही दोन डोस पूर्ण झालेले नव्हते.

जून ते नोव्हेंबर दार बंद ठेवून कराडच्या कोणाचा काय फायदा झाला, हे तुम्ही पटवून दिलंत तर पुढच्या लेखात तुमचं म्हणणं जसंच्या तसं छापीन.