आजीला हेर करताना घ्यावयाची काळजी

सर्वांत आधी तिचा नवरा मारा. पहिल्या पानावर मारलात तर उत्तम, कादंबरी सुरू होण्याआधीच मारलात तर तेवढा कागदही वाचतो. नवरा जिवंत ठेवून म्हातारीला हेर करायला जाल तर पस्तावाल. ती शत्रूचा नकाशा ब्लाउजमध्ये खोचून मागच्या दाराने निसटणार, तेवढ्यात माजघरातून आवाज येईल, ‘अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?’ चष्मा त्याच्याच कपाळावर असतो, पण ते सांगायला ती परत आत जाते आणि शत्रू सुटतो.

यात क्रूरपणा वाटून घेऊ नका, थोरामोठ्यांनी हेच केलंय. डोरोथी गिलमन या अमेरिकन लेखिकेने 1966 साली मिसेस पॉलिफॅक्स नावाची बाई वाचकांपुढे आणली. न्यू जर्सीत राहणारी, साठी ओलांडलेली विधवा. मुलं आपापल्या संसारात, गच्चीवर जिरॅनियमच्या कुंड्या, गार्डन क्लब, थोडं समाजकार्य आणि भरपूर कंटाळा. एक दिवस बाई उठते, सरळ सीआयएच्या कचेरीत जाते आणि मला हेर व्हायचंय म्हणून सांगते. तिथल्या साहेबाचा काहीतरी घोळ होतो आणि काम मिळतं. मेक्सिकोतल्या एका दुकानातून एक पुस्तक आणायचं, बस. बाई पोचते ती अल्बेनियाच्या कैदेत. 2000 सालापर्यंत तिच्या अशा चौदा कादंबऱ्या झाल्या. मध्ये लेखिकेचं मन द्रवलं आणि तिने बाईंचं एका निवृत्त न्यायाधीशाशी लग्न लावून दिलं. लगेच अडचण झालीच. थायलंडच्या मोहिमेत त्या नवऱ्याचं अपहरण करवावं लागलं, तेव्हा कुठे बाई मोकळेपणाने फिरू लागल्या. अगाथा ख्रिस्तीबाई दूरदर्शी म्हणायच्या, त्यांनी गुन्हे शोधणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या मिस मार्पलला बोहल्यावर चढूच दिलं नाही.

मराठीत ही जागा रिकामी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण नायक कोण, तर झुंजार, धनंजय, काळापहाड. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, शिरवळकरांचा फिरोज इराणी, सगळे धडधाकट पुरुष. तेव्हा या रिकाम्या जागेवर लगेच रुमाल टाका. घटनास्थळ म्हणून सोलापूर घ्या. मुंबई-पुण्यावर आधीच गर्दी आहे आणि सोलापूर नेमकं कुठे येतं हे बऱ्याच वाचकांना ठाऊक नसल्याने तुमच्या चुका खपून जातील.

आता भरती. सीआयएच्या दारात चालत जायची चैन अमेरिकेत परवडते. आपली रॉ स्थापन झाली 1968 साली, म्हणजे पॉलिफॅक्सबाई कामाला लागल्यावर दोन वर्षांनी, आणि तिची पाटी सोलापूरच्या सात रस्त्याला लावलेली नाही. म्हणून खात्यालाच आजीकडे आणा. नोव्हेंबर महिना, बँकेतली रांग, हयातीचा दाखला. आजीने चाळीस वर्षं विड्या वळल्यात, अंगठ्यावरच्या रेषा तेंदूच्या पानाने कधीच पुसून नेल्या. ती मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणतं. दुसरा ठेवते. तेही नाही. खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘आजी, मशीनमध्ये तुम्ही दिसत नाही.’ रांगेत मागे उभा असलेला साध्या वेषातला अधिकारी इथे कान टवकारतो. बोटांचे ठसे नाहीत, सरकारदरबारी ती जिवंत असल्याचा पुरावा नाही, आणि बाई तर समोर उभी राहून भांडतेय! असा माणूस तयार करायला परदेशी खाती केवढा खर्च करतात. इथे आयता मिळाला, वर पेन्शन थकलेलं. हा प्रसंग विनोदी आहे हे वाचकाच्या ध्यानात राहील असा लिहा. मध्येच कुणाला तो तसा वाटेनासा झाला तर प्रकरण आवरतं घ्या, आपली कादंबरी हलकीफुलकी आहे.

मग प्रशिक्षण. तिला दिल्लीला न्या आणि जीन्स घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्याकडून अनोळखी माणसाला बोलतं कसं करायचं ते शिकवा. वाचकाला हे आवडतं. प्रत्यक्षात हीच आजी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये समोर बसली तर कुर्डुवाडीपर्यंत तिला तुमचा पगार कळलेला असतो, दौंड येईतो घरावरचं कर्ज, आणि पुण्याला उतरताना तुमच्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळ तिच्या पिशवीत असतं. बदल्यात तुम्हाला तिच्याबद्दल कळलेली एकमेव गोष्ट म्हणजे शेंगाचटणी कुटायची असते, मिक्सरला लावायची नसते. तरीही प्रशिक्षण ठेवाच. बाईला काही येतं ते कुणा पुरुषाने शिकवल्याशिवाय आलं, असं दाखवलंत तर कथानक पटत नाही.

भाषांचंही तेच. सोलापुरात माहेर कानडी, शेजार तेलुगू, बाजार मराठी आणि भांडण दखनी अशी वाटणी सर्रास असते. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई एका ओसरीवर चार भाषांत चार माणसांना वेगवेगळं सांगू शकते, आणि कुणाला काय सांगितलं ते तिच्या लक्षातही राहतं. तुम्ही मात्र नायिकेला मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला लावा आणि त्यावर तीनचार विनोद करा. त्या चार भाषा कुणी भाषा म्हणून मोजत नाही.

सांकेतिक संदेशाच्या बाबतीत एक मोह टाळा. सोलापूर म्हटलं की चादर आठवणार. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उठते, आणि जॅकार्ड म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. 1804 साली फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती. पुढे गणकयंत्रांनाही माहिती भोकांच्या कार्डांवरूनच भरवली जायची. आता कल्पना करा, पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात कुणी पुठ्ठ्यांत चार भोकं जास्त पाडतो. निर्यातीच्या गाठोड्यातल्या एका चादरीच्या काठावर मोरामागे मोर चाललेत, त्यातल्या सातव्याची मान वाकडी. मध्य आशियातल्या गुदामात बसलेला माणूस वाकड्या माना मोजून निरोप वाचतो. कस्टमवाल्यांच्या हातून गाठोडं निर्धास्त पुढे जातं. आणि जन्मभर मागासाठी कांड्या भरलेली, विणकरांच्या पद्मशाली समाजातली एक आजी, डोळ्यांत मोतीबिंदू, सहज त्या काठावरून हात फिरवते आणि म्हणते, हितं चूक न्हाई, हितं कुणीतरी मुद्दाम केलंय.

बघा, वाहवत जायला होतं. असलं लिहिलंत तर तुम्हाला आधी मागाजवळ जाऊन बसावं लागेल, कानठळ्या बसतील, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटतील आणि त्या बाईला काय येतं ते तिलाच विचारावं लागेल. त्यापेक्षा लिपस्टिकमध्ये मायक्रोफिल्म लपवा. लिपस्टिक आजी लावत नाही हा तपशील गौण आहे.

गुडघ्यांबद्दल एक शब्द काढू नका. हेर आजीला संधिवात, मधुमेह, रक्तदाब यांपैकी काही नसतं, किंवा गोळ्या घेण्याच्या वेळा शत्रूला माहीत असल्याने तो मध्ये थांबतो. नव्या पेठेत चार तास पाळत ठेवायची आहे? ठेवू द्या. त्या चार तासांत तिने आडोशाला जायचं कुठे, हा प्रश्न शहरं बांधणाऱ्यांना पडला नाही, तो तुम्हालाच पडायचं काही कारण नाही.

मोहिमेची तारीख मात्र जपून निवडा. पाण्याच्या दिवशी मोहीम ठेवलीत तर नायिका मिळणार नाही. उजनी धरण भरलेलं असो की उपसलेलं, सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या आडाने येतं. त्या दिवशी पंतप्रधानांचा फोन आला तरी आजी टाकीवरून हलत नाही. उलट याचा उपयोग करून घ्या. कुठल्या पेठेत कधी पाणी सुटणार, कुणाच्या घरी मोटार लावून ओढतात, कुणी अचानक दोन पिंपं जास्त भरली म्हणजे त्याच्याकडे न सांगता पाहुणे उतरलेत, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या एका हेरजाळ्यात साध्या घरांतले लोक खिडकीशी बसून जर्मनांच्या आगगाड्या मोजायचे, त्यात बायका पुष्कळ. आपल्याकडे पिंपं मोजतात. फक्त त्या माहितीला कुणी अहवाल म्हणत नाही, चहाड्या म्हणतात.

खरी अडचण वेगळीच आहे. 1999 साली इंग्लंडमध्ये मेलिटा नॉरवुड नावाच्या 87 वर्षांच्या आजीबाई उघडकीस आल्या. एका संशोधन संस्थेत कारकुनी करता करता त्यांनी सोव्हिएत संघाला अणुसंशोधनाची कागदपत्रं पुरवली होती, आणि 1937 पासून पुढली पस्तीसेक वर्षं हे काम केलं होतं. बातमी फुटल्यावर त्या शांतपणे बागेत येऊन पत्रकारांपुढे निवेदन वाचून गेल्या. खटला काही झाला नाही. आजूबाजूचे लोक थक्क. सोलापुरात हे शेजाऱ्यांनी चालू दिलं नसतं. बाई हेर आहे ही बातमी दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला, तिसऱ्या दिवशी भिशीतल्या बायकांना, आणि चौथ्या दिवशी ‘आमच्या मुलाचं पण तिथं कुठं जमतं का बघा की’ म्हणून अर्ज हजर. तेव्हा गल्लीला सगळं ठाऊक आहे, पण घरच्यांना पत्ता नाही, अशी रचना करा. कुणालाही खटकणार नाही. सुनेने विचारलं की ‘देवळात गेले होते’ एवढं उत्तर पुरतं. देवळात कुठल्या, कुणाबरोबर, आणि येताना चपलेला ग्रीस कसं लागलं, हे विचारायला घरात कुणाला वेळ असतो?

देशभक्तीची पार्श्वभूमी लागेलच. इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या 1930 च्या मार्शल लॉमध्ये आजीच्या वडिलांनी गोऱ्यांना चकवलं, असं सगळेच लिहितात. पण आजी आज सत्तरीची असेल तर तिचे वडील तेव्हा बहुधा रांगत होते. त्यांना आजोबा करा, किंवा हिशेब करणारे वाचक टाळा.

शेवटचा पाठलाग अर्थातच गड्ड्याच्या यात्रेत. जानेवारीतली थंडी, सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, आणि पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं. खलनायकाने बाराबंदी चढवली की संपलं, पोलीस, कॅमेरे, ड्रोन सगळे आंधळे. आजी त्याला कसा ओळखते? तो अक्षता एक क्षण आधी टाकतो. बस. मग ती त्याला धरते कशी, यासाठी कराटे वगैरे नको. ती शेजारच्या बायकांना एवढंच सांगते की याने माझ्या पाटल्या ओढल्या. पुढचं काम गर्दी करते.

पुस्तक छापून येईपर्यंत मात्र ते कुठल्याही खऱ्या आजीच्या हाती पडू देऊ नका. दुपारच्या भाकरी झाल्यावर ती भिंतीला टेकून बसेल, चष्मा पुसेल आणि चाळिसाव्या पानावर थांबून विचारेल, ‘ह्यो तुझा माणूस स्टेशनाजवळच्या लॉजवर तीन दिवस ऱ्हायला म्हणतोस. मग त्याच्या खोलीचा केर काढायला येणाऱ्या बाईला कुणी विचारलं का न्हाई? तिला सगळंच म्हाईत असणार की. एवढ्याला दोनशे पानं कशाला लागतेत?’