फॉरमॅट मारला आणि पूर्वज गेले

आमच्या कॉम्प्युटरचा वेग घरात कुकरच्या शिट्ट्यांत मोजतात. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत पूर्वी एक शिट्टी व्हायची. मग तीन व्हायला लागल्या. परवा तर हिने गॅस बंद करून वरणाला फोडणी दिली, तरी पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण आपलं फिरतंच आहे. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा दारातूनच म्हणाला, "काका, फॉरमॅट मारा आणि अकरा टाका. तासाभराचं काम."

यातली क्रियापदं नीट ऐकावीत. फॉरमॅट मारायचा (म्हणजे डिस्क पुसून कोरी करायची), विंडोज टाकायची, ड्रायव्हर बसवायचे. बॅकअप तेवढा घेऊन ठेवायचा. मारायला आणि टाकायला कोणीही बाह्या सरसावतो; ठेवायचं काम निघालं की माणसं शोधावी लागतात. एम. जी. रोडवर या सगळ्याचे पाचशे रुपये सांगितले, म्हणून मी घरीच मारायचं ठरवलं.

अकरा नंबरच्या विंडोजला आधी कूळ दाखवावं लागतं. रॅम निदान 4 जीबी हवी, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आपल्याकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार होतो, ही आठवीपासून सुरुवात करते. आमची पेटी 2019 ची, आठव्या पिढीची, म्हणजे काठावर पास. अप्पा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर झालेले. आरामखुर्चीतून त्यांनी विचारलं, "पत्रिका जुळली का रे?"

बॅकअपला बसलो तेव्हा आणखी एक कळलं. 1 टीबी म्हणून घेतलेली हार्ड डिस्क विंडोजमध्ये 931 जीबीच दिसते. बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज 1024 ने. ही म्हणाली, "त्यात काय, सराफ बाजारात तोळा दहा ग्रॅमचा केला तेव्हा कुणी विचारलं?" (जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. हे आमच्या घरात मंगळसूत्राच्या संदर्भात वर्षातून दोनदा तरी निघतं.) फोटो, बिलं, सोसायटीचे हिशेब, अप्पांचं फोल्डर, सगळं डी ड्राइव्हला नेऊन ठेवलं. मग 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशन तयार केलं. तसं करताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. त्यात साडूच्या मुलीच्या हळदीचे फोटो होते. मुख्य लढाई सुरूही झाली नव्हती, तोवर पहिला माणूस गारद.

पेनड्राइव्हवरून सुरू करायला ऐन वेळी योग्य की दाबावी लागते. कुठे एफ 2, कुठे एफ 12, कुठे डिलीट. कंपनीचं चिन्ह पडद्यावर दिसतं न दिसतं तेवढ्यात हे साधायचं. मी तिन्हींवर तबला वाजवला. चौथ्या आवर्तनात सम सापडली.

पुढे विंडोज कुठे टाकायची असा प्रश्न येतो. तिथे सी, डी अशी ओळखीची नावं नसतात. नुसती पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, एक, दोन, तीन, आणि आकडे. कोणतं घर पाडायचं आणि कोणत्यात सामान आहे, हे क्षेत्रफळावरून ओळखायचं. मी आकडे तीनदा वाचले, हिला वाचायला लावले, मग डोळे मिटून 200 जीबीवाल्यावर फॉरमॅट मारला. चार सेकंद लागले. सहा वर्षांचा संसार!

टक्के चढू लागले. नाशिकच्या माणसाला टक्के कळत नाहीत, दुतोंड्या मारुती कळतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती, ते मारुतीवरूनच ठरतं. 20 टक्क्यांना पाणी गुडघ्याला, 45 ला कमरेला. 64 ला छातीला लागलं आणि तिथेच थांबलं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. आता मामला रामकुंडावरच्या दहाव्याचा झाला होता, पिंड ठेवलाय आणि कावळा शिवत नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. मी हात जोडले. "तुझ्यात पुन्हा फुकटचे गेम टाकणार नाही." हलेना. "पंख्यातली धूळ दर महिन्याला काढीन." 65 झाले.

इन्स्टॉल झाल्यावर ती इंटरनेट मागायला लागली. इंटरनेटला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्रॅम, हवा आणि ड्रायव्हर होता इंटरनेटवर. पोहरा विहिरीत, आणि तो काढायला पोहरा हवा. शेवटी शेजारच्या पोराने माझा मोबाइल केबलने जोडून त्याचंच नेट दिलं. तासाभराचं काम रात्री साडेअकराला संपलं.

सकाळी एका शिट्टीत डेस्कटॉप. मी कॉलर ताठ करून अप्पांना बोलावलं. त्यांनी आपली वंशावळ उघडली. सात पिढ्या, दोन बोटांनी, तीन वर्षं टाइप केलेल्या. पडद्यावर एबीसीडी, कंस, टक्के, डॉलर.

फाइल शाबूत होती, फॉन्ट गेला होता. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या त्या फॉन्टमध्ये आत मराठी नसतंच. इंग्रजीच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना धोतर नेसवतो. तो फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये होता, म्हणजे मी फॉरमॅट मारलेल्या 200 जीबीत. पोरगा म्हणाला, झटपट फॉरमॅटमध्ये माहिती लगेच जात नाही, नुसती नोंद पुसते. म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव काढलं, जमीन तिथेच. पण माझ्या जमिनीवर नव्या विंडोजने रातोरात प्लॉट पाडले होते.

"रविवार कारंजाजवळ एक डीटीपीवाला आहे, त्याच्याकडे मिळेल फॉन्ट," मी म्हणालो. अप्पांनी ऐकलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याला नाक लावून बसले होते.

"हे बघ, हे तिसऱ्या ओळीतले माझे खापरपणजोबा. यांच्या नावात दोन डॉलर आलेत."

"सॉरी अप्पा."

"सॉरी कशाला? सावकारीच होती त्यांची."